माणूस आला की पुसायचा

काकू गेल्या त्या सकाळी कॅमेऱ्याच्या कार्डावर एकोणीस फोटो होते. पंधरा उदमांजराचे आणि चार काकूंचे. काकूंचे चार मी पुसले आणि कार्ड काकाजींच्या हातात दिलं. ते खाली गेले. थोड्या वेळाने त्यांनी जिन्याखालून मला हाक मारली.

काकाजी माझे घरमालक, काकू त्यांच्या पत्नी. अमरावतीत, शहर संपून टेकड्या सुरू होतात तिथल्या एका वस्तीत त्यांचं घर होतं आणि त्या घराच्या वरच्या खोलीत मी सहा वर्षं भाड्याने राहिलो. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. एकटा होतो, बोलणं कमी, हातात कायम पुस्तक. एवढ्यावरून त्यांनी मला 'सर' ठरवून टाकलं. मी शिकवत नाही, नुसती पुस्तकं देतो-घेतो, हे त्यांना दोनदा सांगून पाहिलं. "पुस्तकं सांभाळते थो सरच असते ना गा," ते म्हणाले आणि विषय संपला.

सत्तरीच्या आसपासचा, उंच, खांद्यातून पुढे वाकलेला माणूस. गळ्यात दोरीला बांधलेलं एक भिंग. ते आंघोळीलाही काढत नाहीत, असं काकू सांगायच्या. चाळीस वर्षं त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला होता. स्टुडिओ बंद झाला तरी सवय गेली नव्हती. समोर माणूस आला की त्याचा चेहरा कोणत्या अंगाने बरा दिसतो ते आधी पाहायचे आणि त्या हिशेबाने खुर्ची सरकवून द्यायचे. दूधवाल्याला म्हणायचे, "हनुवटी खाली घे. आता बोल, किती लिटर?" माझ्याबद्दलचा निकाल पहिल्याच दिवशी लागला होता. "सर, तुमचा डावा गाल चांगला हाय. उजव्याच्या भानगडीत पडू नका."

जंगलातले प्राणी मोजायला झाडाला बांधतात तसला एक कॅमेरा त्यांच्याकडे होता. कोणी एक अभ्यासक तो बिघडला म्हणून दुरुस्तीला टाकून गेला आणि परत आलाच नाही. काकाजींनी दोन महिने तो टेबलावर उघडून ठेवला. रोज त्यात काहीतरी फुंकायचे, काहीतरी पुसायचे. एके दिवशी तो चालू झाला. वहीएवढी हिरवट पेटी. समोर काही ऊबदार हललं की आपोआप फोटो निघायचा. उजेड नाही, आवाज नाही. फोटो काळापांढरा, खालच्या पट्टीत तारीख, वेळ आणि तापमान. काकाजींनी ती पेटी परसातल्या शेवग्याला गुडघ्याच्या उंचीवर बांधली. समोर सीताफळ, त्याच्या बुडाशी धुण्याचा दगड, पलीकडे मोर्शीकडून आणलेली संत्र्याची दोन कलमं, कुंपणाला जास्वंद. एवढंच ते परस.

आपण रात्री जागायचं नाही, हा त्यांचा दंडक होता. नऊला ते झोपायचे. "स्टुडिओवाला गिऱ्हाइकाच्या मांगं पयत नसते," असं म्हणायचे. सकाळी साडेसहाला जिन्यावर त्यांच्या चपला वाजायच्या. कॅमेऱ्यातलं कार्ड ते फिल्म रोलच्या जुन्या काळ्या डबीत घालून आणायचे. कंप्युटर घरात माझ्याच खोलीत होता.

"सर, उघडा दुकान. किती गिऱ्हाईकं आली आज?"

गिऱ्हाईकं म्हणजे उदमांजर, घूस, चिचुंद्री, कधी घुबड. पावसाळ्यात एकदा टेकडीवरून साळिंदर उतरलं होतं, त्या दिवशी काकाजींनी मला हॉटेलातून गरम कचोरी आणून खाऊ घातली. स्टुडिओच्या ऑर्डरबुकाची कोरी पानं उरली होती, त्यात ते नोंद करायचे. नाव, साइज, शेरा. 'उदमांजर. फुल. मान हलवली.' 'घूस. पासपोर्ट.' 'घुबड. डोळे मिटले, पुन्हा बोलवावे.' फोटो पाहताना त्यांची कुरकुर चालू असायची.

"पाय ना, पाय. येवढा चांगला उभा राहिला अन् ऐन वक्ताला शेपूट दाखवलं लेकाच्यानं. याले कोणी सांगतलं होतं का पाठ काढून पाहिजे म्हून?"

'पुन्हा बोलवावे' असा शेरा लिहीत असले तरी बोलावणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं. कोणी पाहुण्याने एकदा सुचवलं, काकाजी, एखादं केळ ठेवत जा, रोज येतील. काकाजी इतके चिडले की पाहुण्याचा चहा अर्धा राहिला. "खायाले घालून कोनीबी येईन. आपल्या मनानं येते थेच खरं."

माणसाचे फोटो पुसायचा नियम पहिल्या दिवसापासून नव्हता. तो समोरच्या घरातल्या साहेबांमुळे आला.

साहेब बँकेतून निवृत्त झालेले. मोठे देवभक्त. पहाटे फिरायला निघायचे ते हातात आकडी आणि पिशवी घेऊन. सगळ्या वस्तीची फुलं त्यांच्या देवाला जायची आणि सगळ्या वस्तीला ते माहीत होतं. एका सकाळी आमच्या पडद्यावर घूस, घूस, उदमांजर आणि मग एकदम साहेब आले. अगदी कॅमेऱ्याला नाक लावून. चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्याशुभ्र, पिशवीत जास्वंदी. काकाजी हसून हसून खाली बसले. त्यांनी त्या फोटोची पोस्टकार्ड साइज प्रत काढून आणली आणि फाटकाला लावली. खाली लिहिलं, 'रात्रीचे गिऱ्हाईक. ओळख पटल्यास कळवावे.'

दिवसभर वस्ती फाटकाशी येऊन हसून जात होती. संध्याकाळी साहेबांनी स्वतः येऊन तो फोटो पाहिला, घरी गेले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशीपासून त्यांच्या बायकोने काकूंकडे येणं बंद केलं. दोघी पंचवीस वर्षं एकमेकींच्या पापड-कुरड्यांना बसत आलेल्या. काकूंनी दोन दिवस काकाजींशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मी चहा प्यायला खाली होतो, तेव्हा त्या माझ्यासमोरच बोलल्या.

"थे उंदीर हायेत का पिंजऱ्यात धराले? माणसाले असं पकडत नाई कोनी."

"अवं, गंमत केली मी."

"तुमची गंमत झाली. माही बाई गेली."

काकाजी माफी मागायला गेले. दार उघडलं नाही. परत येऊन बराच वेळ धुण्याच्या दगडावर बसून राहिले. मग वर येऊन मला म्हणाले, "सर, आजपासून माणूस आला की पुसायचा. कोणीबी असो. मले दाखवायचा नाई, सांगायचा नाई. आधी तुम्ही एकट्यानं पाहाचं, पुसाचं, मंग मले हाक द्यायची." त्या दिवसापासून ते कार्ड माझ्या हातात द्यायचे आणि दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर पाठ करून बसायचे. मी "या" म्हटल्यावर आत यायचे. त्यांचा स्वतःचाही एक फोटो बहुतेक रोज असायचा, कार्ड काढताना कॅमेऱ्यात डोकावणारा मोठ्या नाकाचा चेहरा. नियमाप्रमाणे मी तोही पुसायचो.

माणसांच्या फोटोंचा त्यांना आधीच वीट आलेला होता, म्हणून नियम त्यांना जड गेला नाही. स्टुडिओ डिजिटलमुळे बंद पडला असं लोक म्हणायचे. ते तसं नव्हतं. त्या वर्षांत आमच्या भागात गावागावांतून शेतकरी स्वतःहून जात होते. तेरवीला, म्हणजे तेराव्याला, चौरंगावर ठेवायला फोटो लागतो आणि घरात फोटो नसतो. मग भाऊ, मेहुणा, कधी बायकोच, जे हाती लागेल ते घेऊन काकाजींकडे यायचे. मतदान कार्ड, पासबुक, कोणाच्या तरी लग्नातला घोळका. त्या घोळक्यातून तो एक चेहरा कापून, मोठा करून, त्याला कॉलर काढून, मागे निळा पडदा टाकून काकाजी चौकट तयार करायचे. "वऱ्हाडात येवढे चेहरे कोणी पाह्यले नसन," ते एकदा म्हणाले. "अन् सारे एकाच वयाचे." आलेल्या प्रत्येकाला ते रागावायचे. "जित्ता होता तवा एक फोटो काढाले काय झालं होतं रे? घरात माणसाचा एक तरी फोटो ठेवत जा."

एक बाई पोळ्याचा फोटो घेऊन आली. नवरा बैलाच्या मागे उभा, अर्धा चेहरा बैलाच्या शिंगाआड. दुसरा फोटो नाही. काकाजींनी दिसणारी अर्धी बाजू उलटी करून पलीकडे जोडली आणि ब्रशने सांधा मिटवला. बाईने चौकट हातात घेऊन खूप वेळ पाहिली. म्हणाली, "हे थे नाईत. पण राहू द्या, लोकायले समजणार नाई." त्या महिन्यात काकाजींनी स्टुडिओला कुलूप लावलं.

आणि काकू फोटोला कधी बसल्या नाहीत. त्यांचंही कारण तेच. दुपारचा डबा घेऊन त्या स्टुडिओत जायच्या तेव्हा भिंतीला वाळत टाकलेले, घेऊन जायचे राहिलेले चेहरे त्यांना दिसायचे. "मले त्या रांगेत नका बसवू," असं त्यांनी नवऱ्याला सांगून ठेवलं होतं. लेकीच्या लग्नाच्या अल्बममध्ये काकू चार ठिकाणी होत्या. चारही ठिकाणी पाठमोऱ्या, नाहीतर पदराआड.

नियम झाल्यावर पंधरा दिवसांनी त्या माझ्या पडद्यावर आल्या. रात्रीचे दोन पन्नास. नऊवारी खोचलेली, हातात स्टीलची ताटली. पुढच्या फोटोत ताटली सीताफळाखाली ठेवायला वाकलेल्या. पुढच्यात त्या नाहीत, ताटलीत पपईच्या फोडी. तीन दहाला उदमांजर. पहाटे ताटली उचलून नेणारा हात.

मी आधीचे फोटो आठवू लागलो. मोकळ्या जमिनीशी तोंड लावून ते जनावर रोज काय करायचं, ते आता कळलं. नियमाआधी त्या पपई कॅमेऱ्याच्या मागून हात लांबवून टाकत असणार. नियम झाल्यावर त्या सरळ समोरून येऊ लागल्या. कोणी पाहणार नाही याची आता खात्री होती. मी सोडून.

बाहेर पायरीवर काकाजी पाठ करून बसले होते. मी काकूंचे फोटो पुसले, ताटलीचे पुसले आणि "या" म्हटलं.

दुपारी काकू वर चिवडा द्यायला आल्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमाले दिसते ना सर, सारं?"

"नियम आहे ना काकू. माणूस पुसायचा."

"मंग पुसत जा. त्याईले नका सांगू. त्याईले वाटते थे आपल्या मनानं येऊन राह्यलं." मग जिन्यात थांबून हसल्या. "सकाळी त्याईचं तोंड पाहाचं असते ना हो. स्टुडिओ बंद झाला तवापासून तसं तोंड नव्हतं पाह्यलं मी."

मला ते आवडलं, हे मान्य करायला हवं. एक गोड गुपित सांभाळायला मिळालं आहे, असं मला वाटत होतं. दोन वर्षं मी ते सांभाळलं.

शेवटच्या थंडीत फोटो वाढले. ताटली ठेवून काकू लगेच जात नव्हत्या. धुण्याच्या दगडावर बसायच्या. कॅमेरा हललेलंच टिपतो, बसून राहिलेलं टिपत नाही. पण खालच्या पट्टीत वेळ असते. दोन पन्नासला बसल्या, तीन वाजून पाचला पदर सावरला, तीन अठ्ठावीसला उठल्या. नऊ-दहा अंशांच्या थंडीत. एका फोटोत उजवा हात डाव्या खांद्याखाली दाबून धरलेला. तसाच दुसऱ्या आठवड्यात आणखी एक. मी त्यांना एकदा विचारलं, "काकू, बरं वाटत नाही का?" त्या म्हणाल्या, "पित्त हाय थोडंसं. बाहेर हवेत बसलं की उतरते." मी बरं म्हटलं. मी ग्रंथपाल माणूस, विचारलेल्याचं उत्तर मिळालं की नोंद पूर्ण झाली असं समजणारा. आणि काकाजींना सांगायचं तर पपईही सांगावी लागणार होती.

त्या रात्रीच्या चार फोटोंत त्या दगडावर बसलेल्या होत्या आणि चौथ्यात डोकं सीताफळाच्या खोडाला टेकवलेलं होतं. मी ते पाहिले आणि पुसले. नंतर त्या घरात येऊन पुढच्या खोलीतल्या दिवाणावर निजल्या होत्या, काकाजींची झोप मोडू नये म्हणून. त्या झोपल्या आहेत असं समजून काकाजी सकाळी त्यांच्या बाजूनेच कार्ड आणायला गेले होते.

लेक अकोल्याहून आली. तेरवीच्या दोन दिवस आधी काकाजी वर आले. हातात काकूंचं मतदान कार्ड. त्यावरचा चेहरा म्हणजे एक काळा डाग होता.

"सर, चुकून एखादा राह्यला असन का? मांगच्या महिन्यातला वगैरे? थे सकाळी झाडाले पानी टाकाले जाये. एखाद्या वेळी पेटीसमोरून गेली असन."

"नाही, काकाजी."

"पुसले?"

"पुसले."

"होते मंजे."

मी मान हलवली. ते कार्डाकडे पाहत राहिले. "बरं. मीच सांगतलं होतं."

त्यांनी मतदान कार्डावरून काही केलं नाही. "उरलेली मी काढीन, अन् मंग थे थे नसन," म्हणाले. तेरवीला चौरंगावर फोटोच्या जागी नुसता दिवा होता. वऱ्हाडातले शेकडो फोटो ज्याने उभे केले त्याच्या घरी फोटो नाही, हे लोक एकमेकांत बोलले. समोरचे साहेब त्या दिवशी आले. बरोबर त्यांची बायको होती. तिने चौरंगाभोवती जास्वंदी वाहिल्या. कोणाच्या कुंपणाच्या होत्या, कोणी विचारलं नाही.

उदमांजर यायचं थांबलं होतं. काकाजी ऑर्डरबुकात लिहीत होते, 'कोणी नाही.' 'कोणी नाही.' मला म्हणाले, "त्याईलेबी समजलं, सर. जनावर सुतकात हाय." ते खरोखर तसं मानतात, असं मला वाटलं. तेव्हा सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी पंधराव्या दिवशी बाजारातून पपई आणली. काकूंची ताटली धुण्याच्या दगडामागे पालथी होती, तीच घेतली. रात्री दहाला, काकाजी झोपले की मी ती सीताफळाखाली ठेवू लागलो आणि सकाळी माझेच फोटो पुसू लागलो. तिसऱ्या दिवशी उदमांजर आलं. काकाजींनी लेकीला फोन लावला. "आलं वं बाई, आलं! सुतक फिटलं त्याचं." त्यांचं तोंड काकूंनी सांगितलं होतं तसंच झालं होतं. मग तर सांगणं आणखी अवघड झालं.

आठ महिन्यांनी मला अकोल्याच्या कॉलेजात जागा मिळाली. निघताना मी फोनवर सांगू, पत्र लिहू, असं स्वतःला बजावलं. पत्र तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा ते पपईपाशी ठीक जायचं आणि दगडापाशी थांबायचं. काकाजी रविवारी फोन करत. आधी म्हणाले, "तुम्ही गेले तवापासून येऊन नाई राह्यलं." पुढे महिना-दीड महिन्याने, "येते. रोज येते आता." कंप्युटर नाही, फोटो पाहायला कोणी नाही, तरी येतं हे यांना कसं कळतं, असं माझ्या मनात आलं. म्हाताऱ्या माणसाला वाटत असेल, म्हणून मी विचारलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात काकाजी गेले. तेरवीच्या आधी त्यांची लेक माझ्या वाचनालयात आली आणि टेबलावर फिल्म रोलची ती काळी डबी ठेवली.

"सर, बाबांचा फोटो नाही घरात. ह्याच्यात काही आहे का पाहता?"

मी जवळजवळ दीड वर्ष तिथे नव्हतो. त्यामुळे त्या कार्डातलं काहीही पुसलं गेलं नव्हतं. सुरुवातीला घूस, मांजर, पेटीची धूळ पुसणारा काकाजींचा मोठ्या नाकाचा चेहरा. मग एका रात्री, दोन पन्नासला, काकाजी. अंगात स्वेटर, गळ्यात भिंग, हातात तीच ताटली. दुसऱ्या रात्री पुन्हा दोन पन्नास. तिसऱ्या रात्रीही. नऊला झोपणारा, गिऱ्हाइकाच्या मागे न पळणारा माणूस ताटली ठेवून धुण्याच्या दगडावर बसत होता. काही फोटोंत उदमांजर त्यांच्यापासून चार हातांवर खात होतं.

मी दहाला ठेवायचो. दोन पन्नास ही वेळ काकूंची होती.

"आई ताटली ठेवते, ते बाबांना माहीत होतं," लेक म्हणाली. "पहिल्यापासून. कडीचा आवाज त्यांना रोज यायचा. मला म्हणाले होते, तिले वाटते मले माहीत नाई. वाटू दे."

"काकू तिथे बसायच्या, ते माहीत होतं?"

"बसायची? नाही. ठेवून लगेच येते, असंच ते म्हणायचे. त्यांना परत झोप लागून जायची ना." ती माझ्याकडे पाहत होती. "आई बसायची का सर तिथे?"

तेव्हा मी तिला सांगितलं. पदर, हात, खोडाला टेकलेलं डोकं, पट्टीवरच्या वेळा, सगळं. वाचनालयात दोन विद्यार्थी होते, म्हणून हळू आवाजात सांगितलं. डोळे पुसून ती म्हणाली, "हा द्या मोठा करून," आणि पडद्यावरच्या एका फोटोवर बोट ठेवलं. त्यात काकाजी दगडावर बसून कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. हनुवटी खाली आहे.

तो फोटो अकोल्याला तिच्या घरी लावलेला आहे. ती त्यानंतर माझ्याकडे आली नाही. कार्ड नेलं नाही. ते त्या डबीत माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यातला एकही फोटो मी पुसलेला नाही. काकूंचा त्यात एकही नाही.